हॉटेलातली खंडेनवमी

म्हैसुरात जन्मले, म्हैसुरातच लग्न झालं आणि मरेनही इथेच. या गावात हॉटेलात राहायची गरज मला कधी पडली नव्हती. गेल्या दसऱ्याला मात्र दोन रात्री राहिले, तेही सरस्वतीपुरमच्या माझ्या घरून एका सिटी बसच्या अंतरावर. ओळखीच्या बायका अजून विचारतात, एवढं मोठं हॉटेल, कसं होतं. चांगलं नव्हतं. का नव्हतं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हापुन्हा सांगायला नको.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी लिहायला सासऱ्यांनी शिकवलं. सुनेला घरची भाषा लिहिता आलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्यामुळे लिहिणं साधंच असेल.

आमच्या सासरचे लोक मूळचे शिपाई. फौजेबरोबर कधीतरी खाली दक्षिणेत उतरले आणि म्हैसूरच्या राजांच्या पदरी राहिले. ते दिवस गेले त्याला किती पिढ्या झाल्या कोण जाणे. माझे सासरे छापखान्यात होते, नवरा वीजखात्यात. दोघांनी घोडा पाहिला तो टांग्याचा. शिपाईपणातली उरली ती एक तलवार. धार कधीचीच गेलेली, मुठीवरचं चांदीचं काम अर्धं झिजलेलं. वर्षभर ती देवघराच्या वरच्या फळीवर लाल कापडात असते.

नवरात्रात मात्र तिचं सगळं रीतीने करावं लागतं. अष्टमीला दिवेलागणीच्या वेळी घरातला कर्ता पुरुष ती म्यानातून काढतो आणि चिंच आणि राख लावून उजळतो. नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, अंघोळ करून अनवाणी उभा राहतो, तलवार उजव्या हातात घेतो आणि मागच्या पिढ्यांची नावं क्रमाने म्हणतो. मग पात्यावर लिंबू कापायचं. लिंबू कापल्याशिवाय तलवार म्यानात परत जात नाही. घरातल्या बायकांनी म्यान पुसायचं, तबक धरायचं. बाहेर काढलेल्या तलवारीला हात लावायचा नाही. याला आमच्यात तलवार हाती घेणं म्हणतात. ज्याने हाती घेतली त्याने ती मरेपर्यंत दरवर्षी घ्यायची.

नवरा गेला तेव्हा पहिलं वर्ष सुतकाचं म्हणून काहीच केलं नाही. दुसऱ्या वर्षी मुलाने हाती घ्यायची होती. एकुलता एक मुलगा, परदेशात कॉम्प्युटरच्या नोकरीत. फोनवर दोनदा सांगितलं की या वर्षी चुकलं तर रीत तुटली, मग ते लोखंड फळीवर ठेवायलाही कारण नाही. तो म्हणाला, येतो. आणि आला, हे खरं.

पण उतरला हॉटेलात. बायकोबरोबर. घरात एसी नाही, जिना अरुंद आहे, तुला आमचं करत बसावं लागेल, असं बरंच काही म्हणाला. मग म्हणाला, तूही तिथेच ये, तुझ्यासाठी शेजारची खोली घेतलीये, राजवाडा दिसणारी. बाबा गेल्यापासून तू कुठे बाहेर पडली नाहीस. तलवार घेऊन ये. पूजा तिथेच करू, सगळी सोय आहे, मी विचारलंय.

दिवा घरी आणि तलवार हॉटेलात, हे मला पटलं नव्हतं. नवरात्राचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नसतो. पण माझा हिशोब सरळ होता. मी नाही म्हटलं असतं तर तो खंडेनवमीला टॅक्सी बाहेर उभी ठेवून घरात आला असता आणि घड्याळ बघत उरकून गेला असता. हॉटेलात निदान त्याला कुठे जायची घाई नसेल असं वाटलं. दिव्यासाठी मुलगी होती. ती मोठी, एच. डी. कोटे गावात सरकारी शाळेत शिकवते आणि दसऱ्याच्या सुटीत दरवर्षी माझ्याकडे येते. मी मुलाला विचारलं, अक्कालाही एखाद्या जेवणाला बोलवायचं का. तो म्हणाला, बघू. मुलगीच मला म्हणाली, तू जा, तेल मी बघते.

अष्टमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोचलो. दारात एक उंच माणूस उभा होता. डोक्याला जरीचा फेटा, कमरेला शेला, शेल्यात पत्र्याची तलवार. जुन्या शिपायाचा वेश. माझ्या सासऱ्यांकडे त्यांच्या आजोबांचा एक फोटो होता, अगदी तसाच. त्याने मला हात जोडले आणि दार उघडलं. आत गेल्यावर माझी पिशवी एका यंत्रातून गेली आणि यंत्र ओरडलं.

पिशवीत लाल कापडातली तलवार होती, एका डब्यात चिंच आणि दुसऱ्यात चुलीची राख. राख मी खास सोसले गावातल्या एका ओळखीच्या घरून मागवली होती, कारण आमच्या गल्लीत आता चूल कुणाकडे नाही. तपासणाऱ्या बाईने आधी राखेचा डबा उघडला आणि वास घेतला. मला कन्नडमध्ये विचारलं, अज्जी, ही पावडर कसली. मी म्हटलं, राख. कशाची. लाकडाची. ती दुसऱ्याला बोलवायला गेली. तोपर्यंत माझ्या मागे सुटाबुटातल्या लोकांची रांग लागली होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते, मी जणू राजवाडा उडवायला निघाले होते.

मॅनेजर आला. तरुण, गोड बोलणारा. प्रत्येक वाक्यात अम्मा. तलवार खोलीत नेता येणार नाही, नियम आहे, पण आम्ही सामानाच्या खोलीत अगदी जपून ठेवू, बिल्ला देऊ. मी मुलाकडे बघितलं. सगळी सोय आहे, मी विचारलंय, असं म्हणणारा तो. तो मॅनेजरशी इंग्रजीत काहीतरी बोलला, दोघे हसले आणि त्याने बिल्ला खिशात टाकला. मला म्हणाला, नवमीला खाली आणूनच देतील, एवढं काय. दारातल्या माणसाच्या कमरेची पत्र्याची तलवार आत-बाहेर करत होती, तिला कुणी अडवत नव्हतं. माझी बॅगांच्या ढिगात जाऊन पडली.

खोलीबद्दल काय सांगू. राजवाडा दिसायचा तो असा, की काचेला गाल लावून डावीकडे बघितलं तर दोन गच्च्यांच्या फटीतून एक घुमट दिसे. समोर नुसती एसीची यंत्रं, रात्रंदिवस घरघरणारी. मुलाने हौसेने सांगितलं, आई, दिवे लागले की बघ. म्हैसूरच्या बाईला राजवाड्याचे दिवे दाखवायला त्याने खोली घेतली होती. ते दिवे मी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून रस्त्यावरून बघितलेत, काही फटबिट नव्हती मध्ये.

खिडकी उघडत नव्हती. आश्विनातल्या म्हैसूरच्या हवेत खिडकी बंद करून गार वारं यंत्रातून घ्यायचं आणि वर रजई पांघरायची. न्हाणीघराला एका बाजूला भिंत नव्हती, काच होती. काचेला पडदा होता, तो बटणाने खाली यायचा, आणि बटण बाहेर पलंगाजवळ. हे ज्याने बांधलं त्याची आई तिथे कधी राहिली नसावी. तांब्या नव्हता, बादली नव्हती. नळ फिरवला की पाणी डोक्यावरूनच यायचं. मी बेसिनला पाय लावून धुतले, या वयात. कॉफी कागदी पुडीतली. म्हैसुरात कागदी पुडीतली कॉफी देणाऱ्याला खरं तर गावाबाहेर काढलं पाहिजे.

दिवा लावायचा प्रश्नच नव्हता. छतावर धूर हुंगणारं यंत्र होतं. मी मनातल्या मनात नमस्कार करायला निरांजन काढलं, एवढ्यात सून धावत आली आणि तिने टेबलावर एक प्लॅस्टिकचा दिवा ठेवला, बॅटरीवर लुकलुकणारा. हॉटेलने दिला होता. सून बेंगळुरूची, आमच्यात आली तरी मराठी तोडकंमोडकं. माणूस म्हणून वाईट नाही. तिला तो दिवा ठेवताना लाज वाटली हे मी बघितलं. मुलाला वाटली नाही.

अष्टमीच्या दिवशी दिवेलागणीला मी तयार होऊन बसले. चिंच भिजवून ठेवली होती. मुलगा पोहायला गेला होता. नंतर त्याला ऑफिसचा फोन होता. मी स्वतः खाली गेले, सामानाच्या खोलीपाशी. तिथला माणूस म्हणाला, बिल्ला. बिल्ला मुलाच्या खिशात, आणि मुलगा कानाला फोन लावून लॉबीच्या त्या टोकाला फेऱ्या मारत होता. मला बघून त्याने हाताचा पंजा दाखवला, थांब म्हणून. मी उभी राहिले. बाहेर अंधार झाला, रस्त्यावरचे दिवे लागले. दिवेलागण संपली. तो आला तेव्हा म्हणाला, अगं, उद्या एकदमच करू, साफ काय आणि पूजा काय. मी वर गेले आणि चिंचेचं पाणी त्या काचेच्या न्हाणीघरात ओतून दिलं.

एक रीत गेली. पण हाती घेणं राहिलं होतं, ते नवमीचं. मी स्वतःला म्हटलं, तेवढं होऊ दे.

खंडेनवमीच्या सकाळी मी अंघोळ करून नऊवारी नेसले. खाली नाश्त्याला जायचं होतं, पण मी काही खाणार नव्हते, पूजा व्हायची होती. मुलगा आणि सून पुढे गेले होते. लिफ्टमधून उतरले तर लिफ्टच्या दारालाही कुंकू लावलेलं. या दिवशी सगळं म्हैसूर हेच करतं, बस असो, शिवणयंत्र असो. हॉटेलनेही केलं होतं. लॉबीच्या मधोमध टेबल, टेबलावर स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, एक कॉम्प्युटर, गाड्यांच्या किल्ल्या. झेंडूच्या माळा. आणि सगळ्यांच्या वर, मखमलीच्या उशीवर, आमची तलवार. म्यानाबाहेर.

कुणी काढली, मला आजही माहीत नाही. पितळेची भांडी घासतात त्या कसल्याशा पॉलिशने ती चमकवली होती. मुठीवरचं उरलेलं चांदीचं काम काळपट पांढरं पडलं होतं. मॅनेजर पुढे आला, म्हणाला, अम्मा, सरांनी परवानगी दिली, आमच्या पाहुण्यांना फार आवडलं. बर्म्युडा घातलेला एक पाहुणा तलवार दोन्ही हातांनी वर धरून उभा होता आणि त्याची बायको फोटो काढत होती. मग दुसऱ्याची पाळी. मग कुणाच्या तरी मुलीने ओढणी नीट करून घेतली आणि तिने धरली. रांग होती. काल मी बिल्ल्यावाचून उभी होते, आज कुणालाही बिल्ला लागत नव्हता.

मुलगा रांगेच्या पुढे, मोबाइल धरून चित्रण करत होता. मला बघून हात हलवला. हॉटेलने बोलावलेल्या भटजींनी टेबलाला आरती ओवाळली, तलवारीलाही. मग मॅनेजरने मुलाला पुढे ओढलं, सर, आता तुम्ही. मुलाने तलवार हातात घेतली. डाव्या हातात, कारण उजव्यात फोन होता. फोन सुनेला दिला, मग उजव्यात घेतली. पायात बूट. हॉटेलच्या माणसाने त्याच्या डोक्यावर दारवानाचा तो जरीचा फेटा ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो हसला, चांगला फोटो येतो तसा. मग खाली वाकून मला हळूच म्हणाला,

"आई, नावं सांग ना भरभर. मला बाबा आणि आजोबांपुढची येत नाहीत."

मी त्याच्या बुटांकडे बघत राहिले. त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्याने दोन नावं घेतली आणि थांबला. कुणीतरी कॅमेऱ्यामागून म्हणालं, सर, इकडे बघा. त्याने बघितलं. मग तलवार उशीवर ठेवून माझ्यापाशी आला.

"झालं ना आता? घेतली हातात. आता तुझ्या मनासारखं झालं."

"पायात बूट होते."

"लॉबीत सगळेच बुटात असतात, आई. तुला काहीच कसं पुरत नाही?"

हे तो चिडून नाही म्हणाला. दमून म्हणाला, लहान पोराला समजावताना माणूस दमतो तसं. त्यावरूनच मला कळलं की हा घरी आला असता तरी हेच झालं असतं. हॉटेलने फक्त मखमलीची उशी दिली.

मी टेबलाजवळ गेले. पुढचा पाहुणा हात पुढे करत होता, त्याला बाजूला व्हायला सांगितलं. न्हाणीघरातल्यासारखे पांढरे टॉवेल तिथे घड्या घालून ठेवले होते, हात पुसायला. एक उचलला, तलवार त्यात गुंडाळली. बाहेर काढलेल्या तलवारीला या घरात माझ्या माहितीत कुठल्या बाईने हात लावला नव्हता. मी लावला. म्यान काखेत धरलं. लिंबू कापलेलं नव्हतं, तेव्हा म्यानात घालता येत नव्हती. मॅनेजर अम्मा अम्मा करत मागे आला. मुलगा म्हणाला, थांब, गाडी बोलावतो, लोक बघतायत. सून म्हणाली, जाऊ द्या त्यांना. त्या हॉटेलात कुणी कामाचं बोललं असेल तर तेवढंच.

दारातल्या फेटेवाल्याचं डोकं उघडं होतं. फेटा आत मुलाच्या डोक्यावर राहिला होता. त्याने मला दार उघडून दिलं.

बाहेर रिक्षावाल्याने नुकताच चाकापुढे कोहळा फोडला होता, रस्त्यावर कुंकू आणि लगदा पडला होता. केळीचे खुंट दोन्ही बाजूंना बांधलेले. त्याने माझ्या हातातलं लांबट बोचकं बघितलं, टोक टॉवेलातून बाहेर आलं होतं. कन्नडमध्ये म्हणाला, पूजेला का, अज्जी. मी हो म्हटलं. आणखी काही विचारलं नाही त्याने. त्या दिवशी सगळा गावच आपापलं हत्यार घेऊन फिरत होता. यंत्र ओरडलं ते फक्त त्या एका दारात.

घरी मुलगी ओसरीवर दाणे निवडत होती. मला बघून उठली, टॉवेलातली तलवार बघितली आणि काय झालं असेल ते तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, थोडक्यात. नाश्त्याला म्हणून खाली उतरले आणि तिथे फोटो चालले होते, असं.

ती म्हणाली, "आता?"

मी म्हटलं, "अंघोळ झालीये का तुझी?"

"झालीये. पण माझ्या हातून चालेल का? मी दुसऱ्या घरची."

"नावं येतात?"

ती म्हणाली, "तबक कोण धरायचं दरवर्षी?"

ते खरं. लहानपणापासून लिंबांचं तबक तिच्या हातात असे, बापाच्या अगदी शेजारी. मुलगा तेव्हा मागे भिंतीला टेकून जांभया द्यायचा, आणि मीच म्हणायची, असू दे, अभ्यास करून दमलाय.

चिंच घरात होती. राख हॉटेलच्या त्या खोलीत राहिली होती, मग तिने धूप घालायच्या शेगडीतल्या कोळशाची वापरली. पॉलिशचा वास जाईना, दोनदा घासावी लागली. मग अनवाणी उभी राहिली, दिव्यासमोर, उजव्या हातात घेऊन. सगळी नावं म्हणाली, एकही न अडखळता, बापासारखीच शेवटच्या नावाला आवाज खाली आणून. तबक मी धरलं. लिंबू तिने एका घावात कापलं नाही, धार नाही तिला, दाबून कापावं लागलं. म्यानात घातली. झालं.

नात्यातल्या लोकांना कळलं तेव्हा दोघातिघांनी नाकं मुरडली. लग्न झालेली मुलगी, तिची माणसं वेगळी, तिची तलवार काय असणार. मी म्हटलं, तुमच्या घरची आहे का. तुमच्यातल्या दोघांच्या तर विकून झाल्यात.

मुलगा संध्याकाळी आला, एकटाच. हातात हॉटेलच्या मिठाईची पेटी आणि मी विसरून आलेले डबे. बूट दाराबाहेर काढले. देवघरात बघितलं, लाल कापडात तलवार फळीवर होती. मला वाटलं होतं भांडेल. निदान विचारेल, अक्काने का, मी असताना. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं कडक.

मी म्हटलं, "अक्काने हाती घेतली. आता दरवर्षी तिचीच."

तो म्हणाला, "हो का. बरं झालं."

एवढंच. आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी त्याची आई आहे म्हणून मला दिसलं. परीक्षा रद्द झाल्याचं कळलं की लहानपणी दिसायचं ते. मग पाय सोडून बसला, बहिणीशी कधी नव्हे ते मोकळेपणाने बोलला, तिच्या शाळेची चौकशी केली. दोनदा कॉफी मागून घेतली. मी दिली. माझं कडक उत्तर माझ्यापाशीच राहिलं.

मुलीच्या पाठीमागे कोण घेणार, हा प्रश्न आहेच. तिला मूल नाही. मी तो सोडून दिलाय.

परत गेल्यावर मुलाने तो फोटो पाठवला. फेटा, बूट, हातात तलवार. सुनेने मला फोनवर सांगितलं की हॉटेलने तोच फोटो मोठा करून लॉबीत लावलाय, जुन्या शिपाई घराण्याचा वारस म्हणून. असेल. हॉटेलचा तो पांढरा टॉवेल माझ्याकडेच राहिला. चांगला जाड आहे. न्हाणीघराच्या दाराशी पाय पुसायला टाकलाय, माझ्या न्हाणीघराला चारी भिंती आहेत.